ट्रॅक्टर तापत नव्हता

आमचा ट्रॅक्टर तापतो, हे गावात सगळ्यांचं ठरून गेलं होतं. ज्यांनी त्याचं बॉनेट जन्मात कधी उघडून पाहिलं नव्हतं, त्यांचंसुद्धा. मळ्यात तो बंद पडला की बांधावरून जाणारा माणूस थांबायचा, बॉनेटवर हात ठेवायचा, हात झटकायचा आणि "तापलाय" असं सांगून पुढे जायचा. इंजिन चालवलं की बॉनेट गरम होणारच, चुलीवरचा तवाही होतो, पण हे कोणाला सांगून पटत नव्हतं. बाईमाणूस इंजिनाबद्दल बोलायला लागली की लोक हसून ऐकतात. ते हसणं आजही माझ्या डोक्यात जातं.

पूर्णगडच्या खाडीकडून वर आलं की कातळ लागतो आणि कातळ उतरला की आमची वाडी. नवरा बोटीवर आहे, इंजिनरूममध्ये. वर्षातले बरेच महिने तो समुद्रावर असतो आणि घरात मी आणि सासूबाई. थोरले दीर नोकरीतून निवृत्त झाले तरी मुंबईतच राहिले. वाडीतली निम्म्याहून जास्त घरं गणपती आणि शिमगा सोडला तर कुलपात असतात. दारात गवत वाढलेलं, तुळशीवृंदावनावर शेवाळ, आणि आत कोणाचीतरी लग्नाची भांडी. त्या घरांवरून जाताना मला वाईट वाटत नाही, राग येतो. कोणाचा ते नीट सांगता येत नाही.

बैल गेल्यावर नवऱ्याने एका सुट्टीत हा ट्रॅक्टर आणला. छोटा, तांबडा, आंब्याच्या फांद्यांखालून जाईल इतका बुटका. त्याने मला बागेत दोन-चार फेऱ्या मारून शिकवलं, एकदा मी तो फणसावर घातला तेव्हा कपाळाला हात लावला, आणि पुन्हा बोटीवर गेला. बागेतलं गवत काढायचं, शेणखत ओढायचं आणि आषाढात मागे रोटर लावून मळ्यात चिखलणी करायची, ही कामं तेव्हापासून माझी. वाडीतल्या ज्या बायका शेत करत होत्या त्यांच्या मळ्याही, म्हणजे भाताची खाचरंही, मीच चिखलायची आणि बदल्यात त्या पैऱ्याने आमच्या लावणीला यायच्या. कोणाचं काही अडत नव्हतं.

त्या वर्षी पाऊस लागल्यावर ट्रॅक्टरने आधी एक वेगळंच दुखणं काढलं. पांढरा धूर सोडायला लागला आणि ठसकायला लागला. इंजिनाशेजारी डिझेल गाळणारी काचेची छोटी वाटी असते, तिच्या तळाला पाण्याचे थेंब दिसले. टाकीचं झाकण बॉनेटच्या वर उघड्यावर असतं, त्याचं रबर चिरलं होतं आणि पाऊस थेट डिझेलमध्ये जात होता. मी वाटी रिकामी केली, टाकी खालून थोडी वाहू दिली, दुखणं गेलं. झाकणाचं रबर बाजारात मिळेना, तेव्हा सासूबाईंनी झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि सुतळीने करकचून बांधून टाकली. पावसाळ्यात सासूबाई कशाला प्लॅस्टिक बांधत नाहीत? टीव्हीचा रिमोट, मिठाची बरणी, विजेचं मीटर, स्वतःच्या वहाणा. आमच्याकडे तीन महिने घरभर कॅरीबॅगा कुरकुरत असतात, त्यामुळे त्या पिशवीकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

चिखलणी सुरू केली आणि खरी पंचाईत झाली. पहिली मळी अर्धी होते न होते तोच आवाज घोगरा झाला, चाकातला जोर गेला आणि ट्रॅक्टर चिखलात रोटरसकट बसला. चावी फिरवली तर नुसतं घरघर. पान खाऊन होईल इतका वेळ थांबलं की मुकाट्याने चालू व्हायचा, आणि पुन्हा तेवढंच काम करून बसायचा. थांबलं की चालतो म्हणजे थंड झाला की चालतो, म्हणजे तापतो. गावाचा हिशेब इतका सरळ होता, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही तो पटला होता.

दीरांना हे मुंबईत माझ्या आधी कळलं. वाडीत कोणाकडे काय शिजलं हे तिकडे आमच्या आधी पोचतं. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला आणि समजूतदार आवाज काढला.

"अगो, बैल नाहीत, माणसं नाहीत, आता मशीनही गेलं. तू आणि आई तिथे दोघीच. या वर्षी लावणी होऊन शेत नाही लागलं तर मी येतो आणि दोघींनाही घेऊन जातो. घर बंद करू. ट्रॅक्टरला मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

"आणि लागलं तर?" मी विचारलं.

"लागलं तर माझं काही म्हणणं नाही. लावणीच्या शेवटाला मी येतोच आहे, बघू."

"भाऊजी, शब्द दिलात हां."

"दिला."

सासूबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. दीरांनी त्यांना विचारलं, "आई, तुझं काय?" त्या म्हणाल्या, "तुमी म्हणाल तसा." ज्या बाईने साऱ्या जन्मात कोणाचं ऐकलं नाही, ती एकदम तुम्ही म्हणाल तसं म्हणायला लागली की तिने आतून काहीतरी ठरवलेलं असतं. मला वाटलं, त्या जायला तयार आहेत. विचारायचा धीर मात्र झाला नाही, कारण हो म्हणाल्या असत्या तर मग मी कोणासाठी भांडत होते?

रोपं हिरवीगार होऊन वाऱ्यावर डोलत होती आणि त्यांचं वय होत चाललं होतं. रोप म्हातारं झालं की ते लावून उपयोग नसतो. मी बाजारातल्या मेकॅनिकला बोलावलं. तो मोटारसायकलवरून भिजत आला, आणि त्यानेही आधी बॉनेटवर हातच ठेवला.

"वहिनी, हेड गॅस्केट गेलं असणार. इंजिन उतरवायला लागेल. आता कामं तुंबलीत, गणपतीच्या आधी काही खरं नाही."

नवऱ्याला कुठल्याशा बंदरात रेंज मिळाली तेव्हा त्यानेही तेच सांगितलं. "गॅस्केटच. तू हात लावू नको, आणखी काहीतरी मोडून ठेवशील. भाऊ म्हणतो तसं करू." त्यांच्या बोटीचं इंजिन म्हणे आमच्या घरापेक्षा उंच असतं. एवढं इंजिन सांभाळणाऱ्या माणसाशी मी काय वाद घालणार? पण तो हजारो मैलांवर होता आणि बंद पडलेला ट्रॅक्टर माझ्या बुडाखाली होता. हात लावू नको म्हटल्यावर मी हट्टालाच पेटले.

सकाळी इंजिन गार असताना मी तेलाची पट्टी ओढून पाहिली. गॅस्केट फुटलं की पाणी तेलात उतरतं आणि तेल दुधाळ चहासारखं दिसायला लागतं, हे ह्याच नवऱ्याने कधीतरी जेवताना मला सांगितलं होतं. तेल काळंभोर होतं. रेडिएटरचं झाकण काढलं, पाणी काठोकाठ. मग तेल दुधाळ नाही आणि पाणी कमी होत नाही, तर गॅस्केट कुठून गेलं? मी मेकॅनिकला फोन करून हे सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्हीच दुकान टाका." मी फोन ठेवला आणि तोंडात आली तेवढी नावं त्याला ठेवली.

तरी म्हटलं, तापाचा संशय एकदा कायमचा फेडून टाकावा. रेडिएटरसमोरची जाळी काढली. बागेतलं गवत काढताना उडालेलं कुसळ, वाळका मोहोर, कुंभारीण माशीच्या घरट्याची माती असा सगळा कचरा पंख्याने ओढून त्या बारीक पत्र्यांत गच्च बसवला होता. घासायला जुना टूथब्रश घेतला आणि मागच्या बाजूने पाणी मारत सगळं धुऊन काढलं. पंख्याचा पट्टाही दाबून पाहिला तर ढिला लागला, तो ताणून घट्ट केला. माझी छाती फुगली. दोष सापडला, असं मी सासूबाईंना सांगूनही टाकलं आणि ट्रॅक्टर मळ्यात घातला.

अर्धी मळी. घोगरा आवाज. बंद.

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. रागाने रडले, हे मुद्दाम सांगते, कारण वरच्या बांधावरून जाणाऱ्या एका काकांनी गावात वेगळंच सांगितलं. रडून झाल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली. इतका धुतलेला, वारा खेळणारा रेडिएटर, त्यातून वाफ नाही, फसफस नाही, वरच्या नळीवर फडकं धरून हात ठेवला तर ठेवता येतो. ज्याला ताप आहे त्याचं अंग हाताला कळतं. ह्याला ताप नव्हता. हा उपाशी मरत होता.

त्या विचारासरशी मी डिझेलच्या मागे लागले. काचेची वाटी उघडली, पाणी नव्हतं. फिल्टर बदलला. फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते, ती काढावी लागते. एक स्क्रू ढिला करायचा आणि अंगठ्याने छोटा पंप दाबत राहायचं. आधी बुडबुडे येतात, मग नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. माझ्या हातांना इतका डिझेलचा वास बसला की सासूबाईंनी माझ्या हातचा भात खायला नकार दिला आणि स्वतः पिठी-भात करून घेतला. ट्रॅक्टर चालू झाला. मळ्यात घातला. तेवढंच चालला आणि बसला.

एव्हाना दीर निघायच्या तयारीला लागले होते. गाडी ठरवली, असा त्यांचा निरोप आला. आमच्या मळ्यांतली जेमतेम वरची एक चिखलून झाली होती. पैऱ्याच्या बायका रोज सकाळी निरोप पाठवायच्या, येऊ का? आणि मी रोज म्हणायची, उद्या.

त्या दिवशी ट्रॅक्टर मळ्याच्या मधोमध बंद पडला तेव्हा शेजारचे काका, तेच ते, घागर घेऊन धावत आले. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं त्यांच्या मनात होतं. मी ओरडले, "खबरदार! तडकेल ते!" काका जागच्या जागी थिजले. "अगो, ताप उतरंल त्याचा," ते म्हणाले. मग माझं तोंडच सुटलं. ताप नाही, ताप नाही, किती वेळा सांगू, याला डिझेल मिळत नाहीये, बघा, टाकी भरलेली आहे तरी मिळत नाहीये, दाखवते तुम्हाला! असं म्हणत मी झाकणावरची सुतळी दातांनी तोडली आणि पिशवी ओढली.

पिशवी निघेना. झाकणाच्या मधोमध ती आत ओढली जाऊन चिकटली होती, तिला तिथे खळगा पडला होता. फाडून काढली. झाकण फिरवलं तर फुस्स करून आवाज आला. बाहेर नव्हे, आत. टाकीने जणू केवढा तरी श्वास घेतला. काकांनी घागर खाली ठेवली. मी चावी फिरवली, आणि तो गरमागरम, रटरटता ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात चालू झाला.

क्षणभर मला काही उमगलंच नाही. मग झाकण उलटंपालटं करून पाहिलं. मधे सुईएवढं भोक होतं. डिझेल जसजसं खाली जातं तसतशी तेवढी हवा त्या भोकातून आत यायला हवी, नाहीतर टाकीतूनच डिझेल ओढून धरलं जातं. ओल्या पिशवीने ते भोक बंद केलं होतं. आम्ही थांबायचो तेवढ्या वेळात सुतळीच्या फटीतून थोडी हवा झिरपायची, आणि आम्ही म्हणायचो, थंड झाला. मी काकांना म्हटलं, "हात ठेवा बॉनेटवर. ठेवा की! आहे ना गरम? मग चालू कसा झाला?" काका घागर उचलून निघून गेले. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

तो आनंद घरी पोचेपर्यंत टिकला नाही. पिशवी हातात होती आणि डोक्यात एक वाईट विचार शिरला. ह्या बाईंना मुंबईला जायचं होतं म्हणून तर त्यांनी हे बांधलं नसेल? त्यांना इंजिनातलं काही कळत नाही हे ठाऊक असूनही तो विचार जाईना. मी पिशवी त्यांच्यापुढे टाकली.

"आई, ही तुम्ही बांधलीत. हिच्यामुळे ट्रॅक्टर बंद पडत होता."

त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मंग काय भिजत ठेवायचा त्याला?" त्या फणकारल्या. "डिझेलात पानी गेला म्हणून बोंबलत व्हतीस ती तूच ना?"

"त्याला हवा लागते आई."

"मंग तसा सांगायचास. माज्यावं डोळं काय वटारतेस?"

त्या आत गेल्या आणि नारळाची एक मोठी करवंटी घेऊन आल्या. झाकणावर ती उपडी ठेवली आणि वरून दोरी आडवी घेतली. पाऊस वरून ओघळून जायचा आणि हवा खालून मोकळी आत शिरायची. पण मुंबईला जायचंय का, हे तेव्हाही मी विचारलं नाही.

पुढचे दिवस मी ट्रॅक्टरवरून उतरले नाही म्हटलं तरी चालेल. पाऊस झोडपत होता, रेनकोटच्या आत मी घामाने भिजत होते, आणि ट्रॅक्टर एका सुरात चालत होता. एक मळी झाली की बायका तिच्यात उतरायच्या आणि मी पुढच्या मळीत. मधे मधे मी उगाचच गावाकडे जाणाऱ्या बांधाच्या बाजूने ट्रॅक्टर वळवायची, लोकांना आवाज नीट ऐकू जावा म्हणून. मेकॅनिक एकदा रस्त्यावरून गेला. मी हात केला. त्याने नुसता हॉर्न वाजवला.

दीर आले तेव्हा ओढ्याकडची शेवटची मळी राहिली होती. निम्मी चिखलून झालेली, निम्मी व्हायची. ते छत्री धरून, बूट हातात घेऊन बांधावर उभे राहिले. मी ट्रॅक्टर थांबवला, इंजिन चालू ठेवलं.

"आता तापत नाही वाटतं," ते म्हणाले.

"तो कधीच तापत नव्हता, भाऊजी."

त्यांनी लावलेल्या मळ्यांवर नजर फिरवली. चेहऱ्यावर खरंच समाधान होतं, हे मी मान्य करते. मग ते घसा खाकरून म्हणाले, "छान झालं. तुझं कौतुकच आहे. पण गाडी आणलेलीच आहे, तर आईला तरी घेऊन जातो. या वयात तिला इथे ठेवणं बरं नाही. तू शेत आटप, मग तुझं बघू."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे शेताचा प्रश्न कधी नव्हताच. शेत लागलं नसतं तर शेतासाठी नेलं असतं, लागलं तर वयासाठी. "तुम्ही शब्द दिला होतात!" मी ओरडले. इंजिनाच्या आवाजात तो ओरडा अर्धा विरला. "लागलं तर काही म्हणणं नाही, असं म्हणाला होतात तुम्ही. माझ्या तोंडावर म्हणाला होतात!" लावणी करणाऱ्या बायका वाकल्या जागीच थांबल्या. दीर म्हणाले, "अगो, समजून घे," आणि मळ्यात हाक मारली, "आई, वर ये. गाडी थांबलीय."

सासूबाई बायकांच्या ओळीत शेवटी होत्या, गुडघ्यांपर्यंत चिखलात. त्या सरळ झाल्या नाहीत. हातातल्या मुठीतली रोपं एक एक करून लावत राहिल्या. मूठ संपली तेव्हा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आज मला नेशील," त्या म्हणाल्या. "मंग ही येकटी हाय म्हणून फुडल्या वर्सी हिला नेशील. मंग कुलूप. मी तुला जल्म दिलाय रं, मला नको शिकवू."

"आई, फोनवर तूच म्हणालीस ना, तुम्ही म्हणाल तसं?"

"म्हनली. ही काय म्हनते ता बघायचा व्हता मला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी मूठ उचलली. "मी मरंन ती हितं मरंन. आणि आज तर बिलकूल नाय, आज लावणी हाय."

त्या पुन्हा वाकल्या. बायकाही वाकल्या. दीरांचे ओठ हलताना दिसले. मी गिअर टाकला आणि रोटर चिखलात सोडला. त्या आवाजात ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, आणि थांबून मी विचारलंही नाही.